आमच्या घरचे हुलग्याचे शेंगोळे : एक इतिहास

स्मरणिकेसाठी शाळेशी नाते असलेला एखादा लेख द्यावा, असे संपादक मंडळाने कळवले तेव्हा बहुतेक जण गुरुजनांवर, स्नेहसंमेलनावर किंवा खो-खोच्या संघावर लिहितील हे मला ठाऊक होते. ते विषय माझ्यापेक्षा चांगले लिहिणारे आपल्या तुकडीत आहेत. मी लिहिणार आहे डब्यावर. नेमके सांगायचे तर हुलग्याच्या शेंगोळ्यांवर. मधल्या सुट्टीत लिंबाखाली डबे उघडले की निम्म्या डब्यांत बाजरीची भाकरी आणि त्यावर घट्ट झालेले शेंगोळे असत, हे १९८० च्या तुकडीतल्या कोणालाही सांगायला नको. माझ्या डब्यातले शेंगोळे संपायला वेळ लागत नसे, हेही अनेकांना आठवत असेल.

मी ३२ वर्षे कृषी खात्यात नोकरी केली. त्यामुळे पिकाकडे पिक म्हणून पाहण्याची सवय लागली, आणि निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला तेव्हा या साध्या पदार्थामागे केवढा मोठा इतिहास आहे, हे ध्यानात येत गेले. त्यातला काही इतिहास पुस्तकांत आहे. काही आमच्या घरच्या बायकांच्या बोलण्यात होता. तो कोणी लिहून ठेवलेला नाही, म्हणून येथे दोन्ही एकत्र मांडतो आहे.

मातीतला दाणा

हुलगा, कोकणात ज्याला कुळीथ म्हणतात, तो आपल्या मातीतला आहे. आपल्या ताटातल्या फार थोड्या गोष्टींबद्दल असे म्हणता येते. ज्वारी आणि बाजरी आपण आपली मानतो, पण त्या मुळात आफ्रिकेतल्या. सुमारे साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वी त्या भारतात आल्या आणि इथल्याच होऊन गेल्या. गहू, जव, मसूर पश्चिम आशियातून आले. हुलगा मात्र भारतातच रानटी अवस्थेतून शेतात आला. कर्नाटक-आंध्रातल्या नवाश्मयुगीन वस्त्यांत त्याचे चार हजार वर्षांपूर्वीचे जळालेले दाणे सापडले आहेत. दक्षिणेतला पहिला शेतकरी जे पेरत होता, त्यात हुलगा होता.

आणि हे फार लांबचे नाही. घोडनदीच्या काठी, शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तेथे १९६८ पासून पुढे जवळजवळ पंधरा वर्षे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही मंडळी त्या कामात होती. आपण सातवीत असताना इतिहासाचे सर आपल्याला सायकलींवर डबलसीट घालून तेथे घेऊन गेले होते. आपल्याला आठवतो तो चार पायांचा मातीचा रांजण आणि त्यात बसवून पुरलेला माणूस. त्या रांजणाची गोष्ट आपण महिनाभर एकमेकांना सांगत होतो. पण त्याच पांढरीच्या मातीत याहून साधी गोष्टही मिळाली होती, ती म्हणजे चुलीत जळून कोळसा झालेले धान्य. १९८८ साली त्या उत्खननाचा मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. जव हे त्या लोकांचे मुख्य पीक होते. त्याबरोबर मसूर, वाटाणा यांसारखी कडधान्ये होती आणि हुलगाही होता.

इनामगावची वस्ती साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली. मधल्या भरभराटीच्या काळात त्यांची घरे चौकोनी आणि ऐसपैस होती. एक घर तर पाच खोल्यांचे, आणि त्याला लागून धान्याचे कोठार. पुराचे पाणी वळवून शेतीला नेण्यासाठी त्यांनी बांध घालून पाट काढला होता. पुढे इ.स.पू. १००० नंतर चित्र बदलले. हवामान कोरडे होत गेले, असे ढवळीकरांनी मांडले आहे. चौकोनी घरे गेली, लहान गोल झोपड्या आल्या, शेती घटली, जनावरांवरचे अवलंबन वाढले आणि शेवटी लोक गाव सोडून गेले. हे वाचताना मला नवल वाटले नाही. पाऊस हटला की आधी कणगी रिकामी होते, मग गोठा, मग गाव, हा क्रम आपल्या भागातल्या कोणालाही पाठ आहे.

पुढच्या काळात हुलगा ग्रंथांतही येतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पिकांच्या पेरणीचा क्रम सांगितला आहे. त्यात मागाहून पेरायच्या पिकांत मसूर, जव, गहू यांच्या सोबतीला ‘कुलत्थ’ आहे. चरकसंहितेत त्याला उष्ण म्हटले आहे. मूतखड्यावर हुलग्याचे कढण द्यावे, हे आपल्या आज्या सांगत असत, त्याची मुळे अशी जुनी आहेत. इंग्रज आले तेव्हा त्यांनी घोड्यांना उकडलेले हुलगे घालताना पाहिले आणि त्याचे नाव ‘हॉर्सग्रॅम’ ठेवून दिले. आपल्याकडे बैलांनाही नांगरटीच्या दिवसांत हुलगे भरडून घालत. जनावराला अंगात बळ यावे म्हणून जे द्यायचे तेच माणसानेही खायचे, यात आपल्या लोकांना कधी कमीपणा वाटला नाही. नावामुळे कमीपणा आला तो नंतर.

कृती

इतिहासाच्या आधी चव कळलेली बरी, म्हणून आमच्या घरची कृती येथेच देतो. मापे अक्काची, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीची आहेत. तिने ती वाटीत मोजून कधी केली नाहीत. मी तिच्याजवळ बसून तिचे पसे वाटीत ओतून मोजले.

हुलगे निवडून लोखंडी तव्यावर मंद आचेवर खमंग भाजावेत. भरडून, पाखडून टरफल काढावे आणि बारीक दळावे. या पिठाच्या दोन वाट्या घेऊन त्यात अर्धी वाटी ज्वारीचे किंवा बाजरीचे पीठ मिसळावे. लसणाच्या दहा-बारा पाकळ्या, चार हिरव्या मिरच्या, चमचाभर जिरे आणि मीठ यांचे वाटण करावे. ते पिठात घालून हळद, मूठभर कोथिंबीर टाकावी आणि थोडे थोडे पाणी घेऊन घट्ट मळावे. सैल झाले तर शेंगोळे रस्श्यात विरघळतात.

तळहाताला तेलाचा हात लावून लिंबाएवढा गोळा घ्यावा, दोन्ही हातांच्या मध्ये वळून करंगळीएवढी जाड वळी करावी आणि दोन टोके जुळवून कडे करावे. काही घरांत कडे न करता सरळ शेंगेसारखेच ठेवतात. पातेल्यात तेलाची फोडणी करून त्यात मोहरी, जिरे, ठेचलेला लसूण आणि लाल तिखट घालावे. सहा वाट्या पाणी ओतावे. मीठ आणि अर्धी वाटी दाण्याचे कूट घालून पाण्याला खळखळून उकळी आणावी. उकळी मोडू न देता एकेक शेंगोळा सोडावा. पहिली पाच मिनिटे पळी घालायची नाही. मग झाकण ठेवून मंद आचेवर वीस मिनिटे शिजवावे. मळताना लिंबाएवढा गोळा बाजूला ठेवलेला असतो, तो पाण्यात कालवून शेवटी ओतला की रस्सा मिळून येतो. शेंगोळा मधोमध तोडून पाहावा. आत पांढरट गाभा दिसला नाही की झाले.

पहिल्या दिवशी ते ताटलीत रस्सा घेऊन भुरकत खायचे. दुसऱ्या दिवशी ते आटून घट्ट होतात, आणि शाळेच्या डब्यात जायचे ते हे दुसऱ्या दिवशीचे.

या कृतीत जुने काय आणि नवे काय

‘आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या असेच करतात’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येते. आमच्याही घरात ते होते. पण कृती नीट वाचली तर वेगळेच दिसते. मिरची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज १४९८ मध्ये कालिकतला पोहोचले आणि त्यानंतरच्या शतकात त्यांच्या जहाजांतून ती आपल्याकडे आली. त्याआधी तिखट म्हणजे मिरी, आणि मिरी गरिबाला परवडणारी नव्हती. मिरचीचे नावसुद्धा मिरीवरून पडले. दाण्याचे कूट ज्या भुईमुगाचे, तोही दक्षिण अमेरिकेतला. दख्खनमध्ये त्याची लागवड खऱ्या अर्थाने वाढली ती एकोणिसाव्या शतकात. लसूण मध्य आशियातला, जिरे-कोथिंबीर भूमध्य सागराच्या बाजूची. या सर्वांना बाजूला केले तर मूळचा म्हणून उरतो तो हुलगा.

म्हणजे शिवकाळातल्या शेंगोळ्यांत दाण्याचे कूट नव्हते, आणि त्याच्या दोनशे वर्षे आधीच्या शेंगोळ्यांत मिरचीही नव्हती. तरीही दर पिढीने त्याला जुनेच म्हटले असणार. मला यात काही खोटे वाटत नाही. जे हाती आले ते मिसळून घेत पदार्थ टिकला. देशभर पाहिले तरी हेच दिसते. कोकणात आणि गोव्यात कुळथाची पिठी, कर्नाटकात हुरळीचे सारू, आंध्रात उलवचारू, कुमाऊँ-गढवालात गहतची डाळ. दाणा तोच, पण ज्याच्या दारात जे पिकते त्याच्या सोबतीने तो शिजतो.

माडगे आणि शेंगोळे

आमच्या घरात या पदार्थाची जी परंपरा सांगितली जाते, ती आजीच्या सासूपासून, म्हणजे माझ्या पणजीपासून. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन्ही दुष्काळांत ती लहान मुलगी होती. आपल्या या पट्ट्याने त्याआधीही बरेच सोसले होते. १८७५ साली भीमथडी तालुक्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या आणि ते लोण शिरूर, श्रीगोंदे, पारनेरपर्यंत आले. इतिहासाच्या पुस्तकात आपण ज्याला दख्खनचे दंगे म्हणून शिकलो, ते आपल्या घरासमोरचे. लगेच पुढच्या वर्षी मोठा दुष्काळ पडला. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी एक पौंड धान्य आणि वर अर्धा आणा इतकी खाली आणली. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोलाही कमी, आणि त्यावर दिवसभर खडी फोडायची. मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी ते नाकारून कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली.

पणजीचे एक बोलणे आजी सांगत असे : “सावकार जवारी नेतो, हुलगं ठिवतो.” बाजारात मान नसल्यामुळे हुलगा घरात राहायचा. राखेत घोळवून मडक्यात ठेवला की किडायचा नाही. पाऊस लांबला, बाजरी गेली, तरी श्रावण-भाद्रपदात एक-दोन सरींवर माळाला पेरला तरी थोडाबहुत हाती येई. शेतीशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर हलकी जमीन, कमी पाणी आणि उशिराची पेरणी हे तिन्ही सोसणारे कडधान्य दुसरे मिळणे अवघड. शिवाय त्यात सुमारे २२ टक्के प्रथिने असतात आणि लोह व कॅल्शियमही चांगले असते. पणजीला हे आकडे माहीत नव्हते. हुलगा खाल्लेले पोर उभे राहते, एवढे तिला माहीत होते.

तिने आजीला शिकवले ते असे : पीठ एकच. वर्ष चांगले असेल तर घट्ट मळून शेंगोळे करायचे. वर्ष वाईट असेल तर तेच पीठ पाण्यात कालवून माडगे शिजवायचे. मूठभर पिठात आठ माणसांचे माडगे होते. वर्ष जसे बिघडत जाईल तसे पाणी वाढवायचे, पण चूल पेटवायची. आजी आम्हाला गमतीने म्हणायची, “शेंगोळं म्हंजी माडग्याला आल्यालं बरं दिस.” लहानपणी मला ती नुसती गंमत वाटे. आता वाटते, या एका वाक्यात आमच्या घराचा शंभर वर्षांचा जमाखर्च होता.

१९७२

मी तिसरीत होतो त्या वर्षीचा दुष्काळ आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिला आहे. सलग दोन वर्षे पाऊस कमी झाला होता आणि ७२ साली तो जवळजवळ आलाच नाही. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. गावोगाव दुष्काळी कामे निघाली. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते आणि खडी. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसे अशा कामांवर होती. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना याच काळात रुजली, तिचा कायदा १९७७ मध्ये मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम हा हक्क कायद्याने देणारे आपले राज्य पहिले, हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावेच. १८७७ चा मजूर आणि १९७३ चा मजूर यांच्यात हा फरक पडला होता.

रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी मिळे, तिला सगळे मिलो म्हणत. तिची भाकरी थापताना फाटे आणि गार झाली की चामड्यासारखी होई. कामावर लहान मुलांना गोडसर सुकडी मिळे, ती चव माझ्या पिढीच्या जिभेवरून अजून गेलेली नाही.

आमच्या घरातून आई आणि वडील दोघेही पाझर तलावाच्या कामावर जात. आजीला डोळ्यांनी दिसत नव्हते. घरात मी आणि माझ्याहून लहान दोघे. माझी मोठी बहीण, जिला आम्ही अक्का म्हणतो, ती तेव्हा बारा वर्षांची होती आणि आपल्याच शाळेत सातवीत होती. गणितात हुशार होती. तिच्या वह्या पुढे मी वापरल्या, त्यामुळे हे मी पुराव्यानिशी सांगू शकतो. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत गेली नाही. पहाटे टँकरच्या रांगेत घागर लावणे, भावंडांना सांभाळणे आणि सांजेला दमून येणाऱ्या दोन माणसांसाठी काहीतरी गरम करून ठेवणे, हे तिचे वेळापत्रक झाले.

आजी भिंतीला टेकून बसायची आणि अक्काला सांगायची. दिसत नसल्यामुळे ती आवाजावर आणि वासावर चालायची. हुलगे भाजताना तडतड थांबली की “काढ आता” म्हणायची. पीठ किती मळले ते हात लावून पाहायची. मिलोचे पीठ हुलग्यात मिसळून शेंगोळे होतात हा शोध त्या दोघींचा. भाकरी फाटायची, पण हुलग्याच्या चिकटपणामुळे शेंगोळ्यात तेच पीठ धरून राहायचे. तेल मिळत नव्हते, मग फोडणीऐवजी लसूण चुलीत भाजून ठेचून घालायचा. दाण्याचे कूट नव्हते, त्याऐवजी मूठभर भाजलेले जवस कुटून घालायचे. पणजीची कृती अशा रीतीने आजीच्या तोंडून अक्काच्या हातात आली. चार पिढ्यांत ती एकदाही कागदावर उतरली नाही.

१९७३ च्या पावसाळ्यात पाऊस बरा झाला. कामे संपली, आई घरी आली, पण अक्का शाळेत परत गेली नाही. मध्ये एवढे दिवस गेले होते आणि घराला तिच्या हाताची सवय झाली होती. १९७४ साली मी पाचवीत आपल्या शाळेत आलो. तुम्हाला लिंबाखाली माझ्या डब्यातले जे शेंगोळे आवडत, ते १९७६ पर्यंत तिच्या हातचे होते. त्या वर्षी तिचे लग्न झाले, वय सोळा.

नंतरची पन्नास वर्षे

पुढचे मी थोडक्यात सांगतो. लालबागला गिरणीत असलेल्या माझ्या चुलत्यांकडे आई एसटीने हुलग्याचे पीठ पाठवायची. चुलतीने त्यात रेशनच्या गव्हाचे पीठ मिसळायला सुरुवात केली, कारण चाळीत ज्वारी दळून आणणे जमत नसे. १९८२ च्या संपानंतर चुलते गावी परतले आणि गव्हाची रीतही सोबत आली. माझ्या पत्नीने स्टोव्हवर, मग गॅसवर शेंगोळे केले. माझी मुलगी परदेशी असते. तिथल्या भारतीय दुकानात अख्खे हुलगे मिळतात, ते ती मिक्सरमध्ये दळते आणि शेंगोळे कुकरमध्ये शिजवते. शिजत असताना व्हिडिओ कॉल लावून ती भांडे अक्कासमोर धरते. अक्का मोबाइलमध्ये पाहून सांगते, “अजून गाभा हाय त्यात.” आजी वासावर सांगायची, अक्का पडद्यावर पाहून सांगते. पद्धत तीच आहे.

रान मात्र बदलले. घोडनदीवर चिंचणीला धरण झाले, कालवे आले, ऊस आला. ज्या माळाला हुलग्याशिवाय काही येत नव्हते तेथे ठिबकवर कांदा आणि डाळिंब आले. हे वाईट झाले असे मी कधीही म्हणणार नाही. माडग्याचे दिवस ज्यांनी काढले, त्यांना पाण्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. पण खात्याच्या तक्त्यांत हुलगा ‘इतर कडधान्ये’ या रकान्यात गेला आणि रकान्यात गेलेले पीक हळूहळू नजरेआड होते. बियाणे गेले की परत आणणे सोपे नसते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, ज्वारी-बाजरीला पुन्हा मान आला. हुलगा कडधान्य असल्यामुळे त्या मिरवणुकीत नव्हता. आपल्या तुकडीतले दोन मित्र अजूनही बांधाला पाभरभर हुलगा पेरतात. शक्य असेल त्याने त्यांच्याकडून किलोभर बी मागून घ्यावे.

एक सूचना

काही वर्षांपूर्वी एका सरकारी योजनेसाठी अक्काला जन्मतारखेचा पुरावा हवा होता. मी शाळेतून तिचा दाखला काढून आणला. दाखल्यावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा रकाना असतो. तिच्या दाखल्यावर तेथे दोनच शब्द आहेत : ‘घरगुती अडचण’. त्या दिवशी कार्यालयात बसून मी लिपिकांच्या परवानगीने १९७२-७३ च्या जनरल रजिस्टरची पाने चाळली. त्या एका वर्षात नाव कमी झालेल्या मुला-मुलींची ओळ बरीच लांब होती. त्यात मुली अधिक. कारणाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी तेच दोन शब्द होते.

साऱ्या महाराष्ट्राने ज्याला दुष्काळ म्हटले, त्याचे रजिस्टरमधले नाव हे आहे. इनामगावच्या लोकांनी काय खाल्ले ते तीन हजार वर्षांनंतर राखेतून शोधून काढता येते, आणि ते काम करणाऱ्या विद्वानांचे आपण आभार मानतो. मग पन्नास वर्षांपूर्वी आपल्याच वर्गातून उठून चुलीपाशी गेलेल्यांची नावे शोधायला तर काहीच कष्ट नाहीत. ती शाळेच्या कपाटात आहेत.

या स्मरणिकेच्या शेवटी तुकडीनिहाय माजी विद्यार्थ्यांची यादी छापली आहे. ती दहावीची परीक्षा दिलेल्यांची आहे, आणि आजवर तशीच पद्धत आहे. माझी संघाच्या कार्यकारिणीला विनंती आहे की, पुढच्या अंकात ज्यांनी मध्येच शाळा सोडली त्यांचीही यादी वर्षनिहाय छापावी. तेही या शाळेचे विद्यार्थी आहेत. रजिस्टरवरून नावे उतरवून काढण्याचे काम मी करायला तयार आहे. आपल्यापैकी आणखी दोघे-तिघे सोबत आले तर ते एका मे महिन्यात पुरे होईल.

दुसरी गोष्ट प्रत्येकाने आपापल्या घरी करण्यासारखी आहे. आपल्या घरी जे कोणी असे काही करत असेल, आई, मावशी, आत्या, थोरली बहीण, तिच्याजवळ वही घेऊन बसावे. पदार्थ कसा करायचा एवढेच विचारू नये. तो तिला कोणी शिकवला, कोणत्या वर्षी, तेव्हा घरात काय होते आणि काय नव्हते, हेही विचारावे. उत्तरे येतील ती आपल्या गावाच्या इतिहासाची असतील.

या मेळाव्याच्या जेवणात शेंगोळे ठेवावेत ही सूचना भोजन समितीने मान्य केली, त्याबद्दल आभार. पीठ मळायला अक्का येणार आहे. वळायला मात्र तिला दहा-बारा हात लागतील, तेव्हा सकाळी आठला स्वयंपाकाच्या मांडवात यावे. नखे कापून यावे, हे तिने आवर्जून सांगायला सांगितले आहे.